कॅनन १५००डी, किट लेन्स आणि ‘फ्री’ ट्रायपॉड: ठाण्याच्या गॅलरीतून तारे टिपायला हा संच कितपत पुरतो?

पहिला कॅमेरा घ्यायला गेलं की ठाण्यात गोखले रोडला जा नाहीतर फोर्टच्या बोरा बाजारात, काउंटरवर बहुतेकदा एकच संच मांडला जातो. कॅनन ईओएस १५००डी, १८-५५ची किट लेन्स, बॅग, मेमरी कार्ड, यूव्ही फिल्टर आणि वर ‘ट्रायपॉड आमच्याकडून फ्री’. बारशा-मुंजीच्या आणि सहलीच्या फोटोंना हा संच पुरून उरतो. रात्रीच्या आकाशाला पुरतो का, एवढंच इथे तपासायचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो: कॅमेरा पास, लेन्स काठावर पास, फ्री ट्रायपॉड नापास.

बॉडीपासून सुरुवात करू, कारण तिच्याबद्दल तक्रारी कमी. २४.१ मेगापिक्सेलचा एपीएस-सी सेन्सर, शटर ३० सेकंदांपर्यंत आणि पुढे बल्ब (बटण दाबून ठेवू तेवढा वेळ शटर उघडं), आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता ६४०० पर्यंत (वाढवून १२८००), रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, केबल रिमोटसाठी सॉकेट. आकाशासाठी लागणारं सगळं यात आलं. २०१८चं मॉडेल आहे, फोकस पॉइंट फक्त ९ आहेत, पण अंधारात ऑटोफोकस वापरायचाच नसतो तेव्हा ९ काय नि ९० काय. आयएसओ १६०० वर हा सेन्सर उत्तम वागतो. ‘नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) नको’ म्हणून आयएसओ २०० ठेवायचा आणि मग कॉम्प्युटरवर फोटो उजळायचा हा उद्योग या कॅमेऱ्यात महागात पडतो. काळ्या भागात पट्टे आणि रंगीत ठिपके वर येतात. आयएसओ सुरुवातीलाच पुरेसा ठेवलेला बरा.

खरी गैरसोय मागच्या स्क्रीनची आहे. तो घट्ट बसवलेला, बाहेर वळत नाही. कॅमेरा ६० अंश वर रोखला की स्क्रीन जमिनीकडे बघतो आणि माणसाला ट्रायपॉडखाली मान घालून बसावं लागतं. उपाय म्हणजे वायफायवरून कॅननचं कॅमेरा कनेक्ट अॅप; फोनवर लाइव्ह व्ह्यू दिसतो आणि शटरही तिथूनच दाबता येतं. मात्र बॅटरी भराभर उतरते. एलपी-ई१० बॅटरीचा ५०० फोटोंचा आकडा व्ह्यूफाइंडरमधून काढलेल्या फोटोंचा आहे. लाँग एक्स्पोजरला तो विसरा आणि दुसरी बॅटरी खिशात ठेवा.

किट लेन्स आणि फोकसची कटकट

१८-५५ आयएस टू ही लेन्स दिवसा चांगली आहे. रात्री तिचे दोन दोष उघडे पडतात. पहिला, तिच्यावर अंतराचे आकडे नाहीत, त्यामुळे ‘अनंत’ कुठे ते कळत नाही. दुसरा, फोकस रिंग लेन्सच्या अगदी पुढच्या टोकाला आहे, अरुंद आहे आणि जेमतेम फिरते. केसभर धक्का लागला तरी ताऱ्याचा बत्तासा होतो.

जमवायचं कसं ते क्रमाने. लेन्सच्या बाजूची एएफ/एमएफ कळ एमएफवर, स्टॅबिलायझरची कळ ऑफ. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझर चालू राहिला तर तो नसलेली थरथर शोधत बसतो आणि फोटो हलतो. झूम १८ वर नेऊन तिथेच ठेवा; या लेन्समध्ये झूम बदलला की फोकसही सरकतो. मोड एम (सगळं हाताने), अॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक एफ/३.५, शटर ३० सेकंद, आयएसओ ६४००. ही फोटोची सेटिंग नाहीत. लाइव्ह व्ह्यूमध्ये तारा दिसावा म्हणून तात्पुरती आहेत. आता व्याध किंवा गुरू असा ठसठशीत ठिपका चौकटीच्या मधोमध आणा, १० पट मोठा करा आणि रिंग सावकाश फिरवा. ठिपका लहान होत जाईल, सगळ्यात लहान होईल आणि पुन्हा फुगायला लागेल. फुगला की तेवढंच मागे या. मग कागदी मास्किंग टेपचा तुकडा रिंगवर लावून टाका.

ढग आहेत आणि तारा मिळत नाही? १८ मिमीला किलोमीटरभर लांबच्या टॉवरवरचा लाल दिवाही चालतो, कारण एफ/३.५ ला या लेन्सला पाच मीटरपलीकडचं सगळं जवळजवळ सारखंच. ५० मिमीला मात्र ताराच हवा.

दुकानदाराने कौतुकाने बसवून दिलेला यूव्ही फिल्टर रात्री काढून ठेवा. सोसायटीचे एलईडी दिवे चौकटीत असले की फिल्टर आणि लेन्सच्या काचांमध्ये उजेड मागे-पुढे आपटतो आणि फोटोत समोरच्या कोपऱ्यात हिरवट भुतं उमटतात. बरेच जण त्यांना धूमकेतू समजतात!

ट्रायपॉड: पैसे इथे घाला

फ्री मिळणारा किंवा हजार-दीड हजारांचा ट्रायपॉड ओळखायला सोपा. पाय मधल्या दांड्याला पट्ट्यांनी जोडलेले, डोक्याला लांब हँडल, वर प्लॅस्टिकची प्लेट आणि प्लेटवर रबराचा तुकडा. खोक्यावर ‘३ किलो क्षमता’ छापलेलं असतं. तो आकडा स्टँड मोडणार नाही एवढंच सांगतो. स्थिर राहील असं नाही. १५००डी आणि किट लेन्स मिळून वजन पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे फार नाही. तरीही कॅमेरा वर तिरपा करून स्क्रू आवळला आणि हात काढला की लेन्सचं टोक दोन-तीन मिलिमीटर खाली बसतं. कारण ते रबर दबतं आणि प्लॅस्टिकची प्लेट वाकते. बसून थांबलं तर ठीक, पण ते एक्स्पोजर चालू असतानाही हळूहळू बसत राहतं.

ट्रायपॉडचा दोष आणि पृथ्वीच्या फिरण्याचा दोष यांत नवशिक्यांची गल्लत होते. फरक ओळखायचा तो खालच्या इमारतींवरून. तारे रेघाळलेत आणि खिडक्यांचे दिवे टोकदार आहेत, तर एक्स्पोजर लांबला. दोन्ही एकाच दिशेने पुसटलेत, तर डोकं बसतंय. प्रत्येक ताऱ्याला आणि प्रत्येक दिव्याला सारखंच शेपूट किंवा हुकासारखं वळण आलंय, तर शटर दाबताना हात लागला. सेल्फ टायमर वापरा, २ सेकंदांचा पुरत नसेल तर १० सेकंदांचा. मुळात २ सेकंदांत थरथर थांबत नसेल तर ती ट्रायपॉडची पावतीच समजा.

विकत घेताना दुकानातच परीक्षा घ्या. आपला कॅमेरा लावा, पायांचे सगळे जोड उघडा, लाइव्ह व्ह्यू १० पटीवर नेऊन रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं अक्षर धरा आणि पायाला बोटाने टिचकी मारा. अक्षर दोन-तीन सेकंदांत शांत झालं पाहिजे. मग कॅमेरा उभा वळवा आणि प्लेट स्क्रूभोवती फिरते का पाहा. हल्ली बहुतेक बॉल हेडला (गोळ्यावर फिरणारं डोकं) आर्का नावाच्या प्रचलित पद्धतीची धातूची प्लेट येते, तीच घ्या. दीड किलोच्या आसपासचा, धातूच्या बॉल हेडचा, मधल्या दांड्याला खाली हूक असलेला अॅल्युमिनियम ट्रायपॉड या कॅमेऱ्याला आयुष्यभर पुरतो. कार्बन फायबरच्या मोहात सुरुवातीला पडू नये. वजन कमी होतं ते डोंगर चढणाऱ्याच्या सोयीचं. वाऱ्यात हलक्या स्टँडला पुन्हा बॅगच टांगावी लागते.

वापरताना मधला दांडा वर काढायचा नाही. पाच फूट उंचीची जाहिरात त्या दांड्यासकट असते, आणि दांडा वर गेला की तिपाईचा एकपाय होतो. पायांचा शेवटचा, सगळ्यात बारीक जोडही शक्यतो बंदच ठेवा. हुकाला बॅग टांगलीत तर ती झुलू देऊ नका, जमिनीला किंचित टेकवा. झुलणारी बॅग लंबकासारखी स्टँडच हलवते.

घोडबंदर रोडच्या विसाव्या-पंचविसाव्या मजल्यावर वेगळ्या अडचणी येतात. वारा तर असतोच, पण एसीच्या बाहेरच्या युनिटची थरथर लादीतून ट्रायपॉडमध्ये येते आणि त्याची गरम हवा लेन्ससमोरून गेली की तारे फसफसतात. एसी बंद करा किंवा दुसऱ्या टोकाला जा. वॉशिंग मशीन चालू असेल तर फोटोचा विचारही नको. नवी मुंबईत जवळजवळ प्रत्येक गॅलरीला कबुतरांची जाळी असते. १८ मिमीला जाळीचे धागे फोटोत दिसत नाहीत, पण ठळक ताऱ्यांना आणि दिव्यांना त्यांच्यामुळे आडवे-उभे काटे फुटतात. लेन्स जाळीला जवळजवळ टेकवून एखाद्या चौकोनाच्या बरोबर मधे आणली की काटे कमी होतात. एका कोपऱ्यात जाळीचा हूक सोडवता आला तर उत्तमच, फक्त कॅमेऱ्याचा पट्टा आधी ग्रिलला बांधा.

किती सेकंद?

सगळीकडे सांगितला जाणारा ५००चा नियम: ५०० भागिले (फोकल लेंग्थ गुणिले क्रॉप). इथे क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरचा गुणक, १.६, म्हणून १८ मिमीला साधारण १७ सेकंद. हा नियम फिल्मच्या जमान्यातला, सैल आहे. १५००डीच्या एका पिक्सेलला १८ मिमीवर आकाशाचे सुमारे ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) येतात आणि विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला १५ विकला सरकतो. म्हणजे १७ सेकंदांत ६ पिक्सेल. व्हॉट्सअॅपवर कुणाच्या लक्षात येणार नाही, ए३ प्रिंटवर येईल. आम्ही १३ सेकंदांवर थांबायला सांगू. ध्रुवाच्या बाजूला थोडी सूट मिळते, तिथे तारे कमी सरकतात.

वागळे इस्टेट, वाशी, नेरूळ इथून आकाश इतकं उजळ असतं की मर्यादा ताऱ्यांची राहतच नाही, उजेडाची होते. एफ/३.५, आयएसओ ८००, १० सेकंद इथून सुरुवात करा आणि स्क्रीनवरच्या फोटोवर विश्वास न ठेवता हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं नि उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख, बघा. उंचवटा डावीकडून एक-तृतीयांशाच्या आसपास हवा. मधोमध किंवा उजवीकडे गेला तर आयएसओ ४०० करा. डावीकडच्या भिंतीला चिकटला तर वाढवा. व्हाइट बॅलन्सचा केल्व्हिन आकडा या कॅमेऱ्यात थेट देता येत नाही, पण रॉ काढत असाल तर त्यात वेळ घालवू नका.

याच कॅमेऱ्याला शोभणारी लेन्स

बॉडी बदलायचा विचार असेल तर थांबा. शहरातल्या आकाशासाठी या संचातली सगळ्यात मोठी सुधारणा म्हणजे कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम, जी बॉडीच्या तुलनेत फारच स्वस्त आहे. तारा हा बिंदू असल्याने त्याचा उजेड लेन्सच्या भोकाच्या व्यासावर ठरतो. आकाशाच्या पार्श्वभूमीचा उजेड मात्र एफ क्रमांकावर. किट लेन्सचा १८ मिमी, एफ/३.५ ला भोक ५ मिमीच्या थोडं वर. ५० मिमीचं एफ/२.८ ला जवळजवळ १८ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ १२ पट. ठाण्याच्या करड्या आकाशातून मंद तारे वर काढायचे असतील तर हाच हिशोब उपयोगी पडतो.

एफ/१.८ वर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, म्हणून एफ/२.८. वेळ ४ सेकंद, आयएसओ १६००. चौकट साधारण २५ बाय १७ अंशांची. मृग नक्षत्र काक्षी ताऱ्यापासून राजन्य ताऱ्यापर्यंत आडव्या-उभ्या हिशोबाने नीट बसतं. एवढ्या छोट्या एक्स्पोजरचा एकच फोटो कोरडा दिसतो, म्हणून ३० फोटो सलग काढून एकत्र करायचे. नॉइज साधारण साडेपाच पट कमी होतो आणि मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ ठाण्यातूनही गुलाबी धुक्यासारखा दिसायला लागतो. या लेन्सची एक खोड लक्षात ठेवा: फोकस रिंग विजेवर चालते. कॅमेरा बंद असताना ती फिरवून काही होत नाही.

चंद्रासाठी ही ५० मिमी किंवा किट लेन्स घेऊन बसू नका. ५५ मिमीला चंद्राची प्रतिमा सेन्सरवर अर्धा मिलिमीटर, म्हणजे उणीपुरी १३५ पिक्सेल. ५५-२५० लेन्स असेल तर ६०० पिक्सेल मिळतात. एफ/८, आयएसओ १००, शटर १/२०० पासून सुरू करा.

रिमोट घ्याच. कॅमेऱ्यात आपोआप ठरावीक अंतराने फोटो काढायची सोय नाही. साधा केबल रिमोट असला तरी भागतं: ड्राइव्ह मोड सलग, शटर ४ किंवा १३ सेकंद, रिमोटचं बटण दाबून पुढे सरकवून अडकवा; कॅमेरा एकामागून एक काढत राहतो. मेनूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ कॅमेरा गप्प बसतो आणि ताऱ्यांच्या वर्तुळांत खाचा पडतात. त्याऐवजी शेवटी झाकण लावून त्याच आयएसओला, तेवढ्याच सेकंदांचे १५-२० काळे फोटो काढा; जोडताना सेन्सरचा नॉइज त्यांच्यावरून वजा करता येतो. जोडणीला विंडोजवर सीक्वेटर किंवा डीपस्कायस्टॅकर, मॅक-लिनक्सवर सिरिल, तिन्ही मोफत. मुंबई विमानतळावर उतरणारी विमानं नवी मुंबईच्या आकाशात रेघा मारून जातात. जोडताना साधी सरासरी न निवडता सिग्मा क्लिपिंग (बाकीच्या फोटोंहून फार वेगळे पिक्सेल वगळणारी सरासरी) निवडलं की त्या गळून पडतात, मात्र फोटो निदान १०-१२ तरी हवेत.

कुठे आणि केव्हा

गॅलरी पूर्वेला असेल तर डिसेंबरच्या मध्यावर रात्री नऊला मृग आणि मागोमाग व्याध समोर असतो. दक्षिणेला असेल तर मेमध्ये साडेदहानंतर आग्नेयेला वृश्चिक. उत्तरेला असेल तर ताऱ्यांची वर्तुळं. ठाण्याचं अक्षांश १९ अंशांच्या वर थोडंसं, म्हणून ध्रुव क्षितिजापासून तेवढाच वर, हात लांब करून दोन मुठी. बहुतेक सोसायट्यांत तो समोरच्या टॉवरमागे गेलेला असतो. गच्चीची चावी सेक्रेटरींकडून मागून घ्यावी.

उपवन तलावाच्या काठावर दिवे फार आहेत, पण पाण्यात पडणारं प्रतिबिंब आणि वर दोन-चार ठळक तारे असा फोटो छान होतो. येऊरला रात्री जाऊ नये. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग, बिबट्यांचं घर आणि वनखात्याची चौकी. अंधार मिळेल म्हणून आत शिरणं शहाणपणाचं नाही.

आकाशगंगा हवी असेल तर ठाणे सोडावंच लागतं. कर्जतची लोकल, बदलापूरच्या पुढचं वांगणी. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलायची. हौशी खगोलप्रेमींची ही जुनी जागा, खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम इथे होत आले आहेत. बदलापूर वाढत वांगणीपर्यंत पोचल्याने पश्चिमेचं आकाश आता केशरी असतं. म्हणून ऑक्टोबरच्या संध्याकाळपेक्षा मार्चची पहाट बरी. ऑक्टोबरात आकाशगंगेचा गाभा नैर्ऋत्येला, पनवेलच्या उजेडात मावळतो. मार्चच्या मध्यावर तो रात्री दीडच्या सुमारास आग्नेयेला उगवतो आणि चार-साडेचारला चांगला वर येतो, त्या बाजूला उजेड कमी. अमावस्येच्या आगेमागे जा. किट लेन्सला एफ/३.५, आयएसओ ३२००, १३ सेकंद, असे २० फोटो. सगळ्यांसोबत असाल तर टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा आणि स्क्रीनचा उजेड सगळ्यात कमी करा. कुणाच्या पंधरा मिनिटं सरावलेल्या डोळ्यांवर पांढरा उजेड मारलात तर काय ऐकावं लागतं ते तिथे कळेलच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे मध्यरात्रीनंतर दव पडतं. फोटो हळूहळू मऊ होत गेले की लेन्सवर टॉर्च तिरपा मारून बघा. रुमालाने पुसू नका. पॉवर बँकवर चालणारा दवरोधक पट्टा मिळतो, पण किट लेन्सवर तो नेमका फोकस रिंगवरच बसतो. आधी पट्टा, मग फोकस, मग टेप. उलटं केलंत तर सगळं पहिल्यापासून.

सेकंडहँड १५००डी घ्यायला हरकत नाही, किंबहुना वाचलेले पैसे ट्रायपॉड आणि ५० मिमीत घालता येतात. लेन्स मात्र दोन्ही टोकांची झाकणं काढून, अॅपर्चर उघडं असताना मागून मोबाइलचा टॉर्च मारून तपासा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि आपल्याकडच्या चार महिन्यांच्या दमट हवेत ती वाढतच जाते. नवी लेन्स असली तरी पावसाळ्यात कपाटात कपड्यांजवळ किंवा चामडी बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान. जेलचे दाणे रंग बदलले की ओव्हनमध्ये किंवा कढईत मंद आचेवर कोरडे करून पुन्हा डब्यात.